जोह्याच्या एसटीत गायलेली अंगाई
ओल्या शाडूचा वास आला की मला पेणच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते, कारण मूर्तींचं काम अर्धवट टाकून, नखांत माती तशीच घेऊन मी लेकीला तिथे नेलं होतं. ती तीन वर्षांची झाली तरी हाकेला वळत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या डोक्याच्या स्कॅनवर कवटीच्या तळातल्या, कानांकडून मेंदूकडे जाणाऱ्या दोन वाटा दाखवल्या. जन्मापासूनच त्या दोऱ्याएवढ्या अरुंद होत्या आणि ऐकण्याची नस त्यांतून गेलेलीच नव्हती. “मग मशीन बसवून पन ऐकायची नाय?” नवऱ्याने विचारलं. “आवाज पुढे नेणारी नसच नाही,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “यात तुमची काही चूक नाही.” गावी परतताना जोह्याच्या एसटीत लेक माझ्या मांडीवर निजली. सवयीने मी अंगाई म्हणू लागले आणि मधेच गप्प झाले. “थांबलीस कशाला गो?” नवरा म्हणाला. “कोणासाठी म्हणू?” मी विचारलं. तेवढ्यात लेकीने अर्धवट झोपेत हात वर केला आणि माझा गळा चाचपू लागली. मी पुन्हा गुणगुणले, तशी तिची बोटं गळ्यावर शांत विसावली. नवऱ्याने तोंड खिडकीकडे वळवलं. आता ती मोठी झाली आहे, खुणांनी भरभरून बोलते, मीही तिची भाषा शिकले. पण तिचं नाव म्हणायला-ऐकायला गोड लागतं म्हणून मी ते हट्टाने ठेवलं होतं, हे तिला कसं सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.