पिवळ्या स्कार्फची बाई

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नोकरीत बरेच खून पाहिले. बहुतेकांचे आरोपी सापडले आणि त्यातले काही आज नीट आठवतही नाहीत. हे मात्र आठवतं, कारण याचा तपास आम्ही केला आणि निकाल गावाने लावला. तोही दोनदा, दोन वेगवेगळ्या बायकांवर.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. रेल्वे स्टेशन, धान्याचा मोंढा आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं शिकायला येतात ते कॉलेज, असं ते गाव. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी चालू असताना कॉलेजचा वॉचमन सायकल तशीच टाकून आत आला. मैदानामागच्या जुन्या पंपघरात गणिताचे सर पडलेत, उठत नाहीत, एवढंच त्याला सांगता आलं.

सर तासिका तत्त्वावर शिकवत होते. वय पस्तिशीच्या आसपास. डोक्यात मागून जड वस्तूचा घाव होता. पाकीट, मोबाइल, घड्याळ जागच्या जागी. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. श्वानपथकाचा कुत्रा पंपघरातून डांबरी रस्त्यापर्यंत आला आणि तिथंच घुटमळला. डॉक्टरांच्या मते मृत्यू आदल्या संध्याकाळी झाला होता. तो आठवडी बाजाराचा दिवस, म्हणजे गावात परकी माणसं भरपूर. सर त्या पंपघरात कशाला गेले होते, हे तेव्हा कळलं नाही आणि आजही मला माहीत नाही.

घरची माणसं बोरीकडच्या खेड्यातून आली. म्हातारे वडील, बायको आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी. फिर्याद वडिलांनी दिली. सरांचं कुणाशी वैर होतं का, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई साहेब. ते कुणाला मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हते."

मग गावाने बोलायला सुरुवात केली. परीक्षेत कॉपी पकडली म्हणून एका बड्या घरच्या पोराने मारलं, असं पहिल्यांदा उठलं. तो पोरगा तेव्हा पायाला प्लास्टर घालून नांदेडला बहिणीकडे पडून होता. मग शेताच्या वादातून झालं असं उठलं. जमीन वडिलांच्या एकट्याच्या नावावर, भाऊबंद कुणी नाही. मग कायम नोकरीवरून दुसऱ्या प्राध्यापकाने काटा काढला, असं सुरू झालं. त्या जागेची जाहिरातच निघालेली नव्हती. हॉटेलात माणसं अशी बोलत, जणू ती पंपघराच्या दारात उभी होती. ठाण्यात बोलावून जबाब लिहायला घेतला की म्हणत, "आमी न्हाई पाहिलं साहेब, लोक म्हणायलेत."

अशातच कॉलेजमधल्या एका कारकुनाचा मला फोन आला. माझं नाव कुठं येऊ देऊ नका, म्हणाला. बाजाराच्या दिवशी एक पोरगी सरांकडे जाताना दिसली होती, तोंडाला पिवळा स्कार्फ बांधलेली. कोणती पोरगी, हेही त्याने सांगितलं. चुडाव्याहून पॅसेंजरने येणारी, सरांच्याच वर्गातली.

महिला शिपाई सोबत घेऊन मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. जीप गावाबाहेरच थांबवली. मुलगी उंबऱ्याजवळ उभी राहून बोलली. तिने खाली पाहिलं नाही.

"सर, त्या दिवशी मी कॉलेजला आलेच नव्हते. घरी पाव्हणे होते. आणि माझ्यासारखे स्कार्फ बाजारात ढिगानं हायेत."

पाहुण्यांची खात्री केली. ती खरं बोलत होती. पण तिचा बाप माझ्याशी एकच वाक्य बोलला. "आता तिचं कॉलेज बंद, साहेब. स्थळ बघायलोय." आमच्या आधीच ते नाव मोबाइलवर फिरत फिरत चुडाव्यात पोचलं होतं.

मला तिथं एक गोष्ट कळेना. मुलगी नव्हती, तर पिवळा स्कार्फ आला कुठून? मी तो धागा उलटा धरला. कारकुनाला कुणी सांगितलं? सलूनवाल्याने. सलूनवाल्याला? मैदानाजवळच्या चहावाल्याने. चहावाल्याला? शेजारच्या पंक्चरवाल्याने. पंक्चरवाल्याच्या पुढे कुणी नव्हतं. त्याने स्वतः पाहिलं होतं.

त्याला ठाण्यात आणलं तेव्हा तो घामाने भिजलेला होता. पाणी दिलं, बसवलं.

"मी पोरगी म्हणलोच न्हाई साहेब," तो म्हणाला. "मी म्हणलो बाई. साडी होती. तोंडाला पिवळा स्कार्फ, हातात जड पिशवी. मला इचारलं, गणिताच्या सरांची खोली कुठशी हाय. मी बोट दाखवलं."

"कोणत्या दिवशी?"

"बाजाराच्या."

"खून झाला त्या बाजाराच्या, की आधीच्या?"

त्याने बोटांवर दिवस मोजायला घेतले आणि मध्येच सोडले. "आधी मला म्हाईत होतं. पण लोकांनी इतक्या येळा इचारलं, आन् मी इतक्या येळा सांगितलं, की आता मलाच समजंना."

त्याला मी तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. एकदा तो आधीचा बाजार म्हणाला, एकदा खुनाचा, एकदा नुसताच रडला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि आठवण दमदाटी करून परत येत नाही.

चहाच्या टपरीपासून सलूनपर्यंत जाताना बाईची पोरगी झाली होती. कॉलेजात पिवळा स्कार्फ बांधणारी एक पोरगी होतीच. तपासातलं आमचं यश म्हणायचं तर एवढंच.

साडीतली बाई, जड पिशवी, आणि खोली विचारतेय. सरांनी दिवाळीआधीच खोली बदलली होती, म्हणजे नवी खोली घरच्यांनी पाहिलेली नसणार. मी बोरीकडे गेलो.

सरांची बायको ओसरीवर कापूस निवडत होती. मी विचारलं आणि ती लगेच म्हणाली, "हो, मीच होते. पीठ घेऊन गेले होते."

"मग आधी का सांगितलं नाही?"

"तुमी इचारलं न्हाई साहेब. तुमी इचारलं, कुणाशी वैर होतं का."

"त्या दिवशी तुमचं काही बोलणं झालं?"

"भांडण झालं." तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. "मी म्हणले, पुरं झालं हे तासिकेचं, घरी चला. ते म्हणले, यंदा कायम होईन. मी न जेवताच निघाले."

कधीची गोष्ट, म्हटल्यावर ती म्हणाली, खुनाच्या आधीच्या बाजाराची. खुनाच्या दिवशी ती वेचणीला होती. सोबतच्या बायकांना विचारलं. बहुतेकींनी हो म्हटलं. एक म्हणाली, ती वेचणी वेगळ्या दिवशीची. सरांच्या बायकोचा मोबाइल दिवसभर गावातच होता, पण मोबाइल घरी होता म्हणजे माणूस घरी होता, असं होत नाही. बसच्या वाहकाला काही आठवेना. माझं मन म्हणत होतं, ही खरं बोलतेय. पण मनाचा जबाब कागदावर घेता येत नाही.

निघताना तिनेच मला थांबवलं. "साहेब, त्या पोरीचं शिक्षण बंद झालं म्हणे."

"हो."

"मग सांगा की लोकांना. ती न्हवती, मी होते म्हणून."

मी स्पष्ट सांगितलं, हे बाहेर गेलं की लोक संशय तुमच्यावर घेतील. तिचे सासरे आतून म्हणाले, "नको बाई, गप राहा." ती गप राहिली नाही.

"घेऊ द्या. माझा संसार झाला. तिचा व्हायचाय."

तिचा रीतसर पुरवणी जबाब घेतला. मग प्राचार्यांच्या खोलीत मुलीच्या बापाला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यांच्या मुलीचा या गुन्ह्याशी काही संबंध नाही, दिसलेली बाई सरांची पत्नी होती. बापाने डोळे पुसले. पुढच्या सोमवारी मुलगी पॅसेंजरने आली आणि वर्गात बसली.

त्याच आठवड्यात गावाने नवं प्रकरण तयार केलं. बायकोनेच मारलं, भांडण झालं होतं, पिशवीत पिठाखाली हातोडा होता. हातोड्याचा शब्द आमच्या कुठल्याही कागदात नव्हता. हत्यार आम्हाला कधी सापडलंच नाही.

पुढे माझी बदली झाली. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे गेला. त्यांनीही हातपाय मारले. शेवटी कोर्टात 'ए समरी' गेली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. पोलिसाला हे दोन शब्द लिहिताना जड जातं, पण ते खोटे नसतात.

निवृत्तीनंतर झरीला एका लग्नात पंगतीत शेजारच्या गृहस्थाने मला हे सगळं प्रकरण सांगितलं. बायको, पीठ, हातोडा. मी म्हटलं, तपास माझ्याकडे होता, असं काही निघालं नव्हतं. तो भाजीचं बोट चाटत म्हणाला, "तुमाला न्हाई म्हाईत साहेब. आमाला हाय."

गेल्या जूनमध्ये परभणीच्या माझ्या घरी एक मुलगी आली. पाठीला सॅक, अंगाने बारीक. नाव सांगितलं आणि मी तिला आत घेतलं. ती सरांची मुलगी होती. आईला न सांगता आली होती.

"साहेब, एकच इचारायचंय. माझ्या आईनं केलं का?"

मी तिला सगळं सांगितलं. पंक्चरवाला, वेचणी, मोबाइल, त्या चुडाव्याच्या मुलीचं कॉलेज. माझा विश्वास कुणावर आहे तेही सांगितलं आणि तो विश्वास सिद्ध करता येत नाही, हेही सांगितलं. तिच्यापासून काही लपवण्याचा मला अधिकार नव्हता.

"म्हंजे कुणी केलं, तुमालाबी म्हाईत न्हाई."

"नाही."

"मग ते लोक इतकं खात्रीनं कसं बोलतात?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला याचं उत्तर मिळालेलं नाही. एवढंच शिकलो की ज्याने थोडं पाहिलं तो चाचरतो, आणि ज्याने काहीच पाहिलं नाही तो अडखळत नाही. मी आयुष्यभर चाचरणाऱ्यांचे जबाब जास्त जपले. त्यांच्यावरूनच गुन्हे उघडकीला आले. हा आला नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, "त्या पोरीसाठी तुझी आई स्वतः पुढं आली. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यात शंका नाही."

तिने मान हलवली. चहा प्यायली, कप स्वतः विसळून ठेवला. जाताना दारात म्हणाली, त्याच कॉलेजात प्रवेश घेतलाय, गणितालाच.

मी विचारलं, "तिथं लोक विचारतील. काय सांगशील?"

"सरांची मुलगी म्हणून सांगीन," ती म्हणाली. "आन् पीठ घेऊन आलेल्या बाईची."