अकरा तास चाललेला दिवा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. सोल्डरच्या धुराचा वास आला की अकोल्यातलं माझं दुरुस्तीचं दुकान आणि धारणीकडच्या एका आशा सेविका ताईंचा डोक्याला बांधायचा एलईडी दिवा आठवतो. नवी बॅटरी किती चालते ते बघायला मी तो सकाळीच लावून ठेवला होता आणि दर तासाला पेन्सिलीनं ठोकून बघत होतो. पाचव्या तासाला ठोकलं तसा तो क्षणभर विझला नि परत लागला. आतली तार सुटत होती. सोल्डर मारायला दोन मिनिटं पुरली असती, पण दिवा उघडला की मोजणी मोडणार, आणि मला तर बॅटरीचा शेवट बघायचा होता. अकरा तास चालला. त्या खुशीत मी चार्ज करून तसाच देऊन टाकला. तार विसरलो नव्हतो. महिन्याभरानं ताई हाताला प्लास्टर घालून आल्या. "रात्री बाळंतिणीकडे जाऊन राहिली होती, वाटेत नाल्यात दिवाच विझला अन् मी पडली. माह्याच हातून आधी कधी आपटला असन, भाऊ." मी म्हणालो, "असन." "आता जपून वापरीन," त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती, एवढं एक वाक्य मी अजून त्यांना देणं लागतो.