चुकांचा शनिवार

मोठ्या बाईंना चांगली बातमी सहन होत नसे. ‘बाई, माझी केस यशस्वी झाली,’ असं कोणी उत्साहानं म्हटलं की त्या चष्मा काढून पुसायला घ्यायच्या. ‘छान. मग इतक्या लांब कशाला आलीस? पेढे वाटायचे गावात.’ सांगणारीचा चेहरा एवढासा व्हायचा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पंचवटीत त्यांच्या घरच्या वरच्या खोलीत आम्ही दहा-बाराजणी जमायचो. कुणी कळवणहून, कुणी पेठ-सुरगाण्याकडून, एसटीनं. गावोगाव फिरून लोकांचं मन ऐकायचं, हे आमचं काम. आमचं ऐकणारी मात्र ही एकच बाई होती, आणि तिला फक्त आमच्या चुका ऐकायच्या असत.

त्यांना जाऊन आता वर्ष झालं. परवा एका संस्थेचं गुळगुळीत निमंत्रण आलं. मोठ्या बाईंच्या स्मरणार्थ समुपदेशकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण, स्थळ नाशकातलं हॉटेल, फी आगाऊ. वर बाईंचा फोटो. कपाळ माझं! जिनं आयुष्यभर पेठ-सुरगाण्याच्या बायकांना फुकट शिकवलं, तिच्या नावानं हे दुकान. पोटासाठी मी त्याच संस्थेत नोकरी करते, म्हणून नाव घेत नाही. पण गप्पही बसणार नाही.

असल्या एका हॉटेलातल्या प्रशिक्षणाला बाईंना एकदा पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. तीनही दिवस त्या पहिल्या रांगेत बसल्या, सगळं उतरवून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी आम्हाला दोन तासांत शिकवून मोकळ्या झाल्या. बाकीचे अडीच दिवस काय झालं, असं मी विचारलं. ‘जेवणं झाली,’ त्या म्हणाल्या.

बाईंनी स्वतः दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली, त्यामुळे त्यांच्याकडे चुकांचा भरपूर साठा होता आणि पहिली चूक नेहमी त्याच सांगायच्या. एकदा एक बाप्या खाटेवर बसून रडत होता. बाईंनी पाठीवर हात ठेवून त्याला ‘रडू नका, सगळं ठीक होईल’ म्हटलं. तो डोळे पुसून उठला तो परत कधी आलाच नाही. चाळीस वर्षांनीही हे त्या सांगायच्या. ‘धीर देऊ नका गं. धीर द्यायला गावात चिक्कार माणसं आहेत. तुम्ही ऐका.’ मग एकेक जण तोंड उघडायची. एकच नियम होता, खोलीत कागद-पेन काढायचं नाही.

तो नियम मी मोडला. शनिवारी यायचं तर आम्हाला रजा टाकावी लागे. संस्थेच्या साहेबांना मी म्हटलं, हे प्रशिक्षणच आहे, तर ड्युटी धरा. ते म्हणाले, इतिवृत्त द्या, धरतो. मी हरखलेच. बाईंना न विचारता घरी बसून झालेलं सगळं आठवून लिहिलं, नावागावासकट. इतकं खरं काम पाहून साहेब चकित होतील, असं मला वाटलं होतं. वीस वर्षं या क्षेत्रात काढून इतकी बावळट मीच.

त्या महिन्यात सुरगाण्याकडची मंजुळा बोलली होती. तिच्या गावात एक नवी बाळंतीण होती, जेमतेम विशीतली. जेवायची नाही, बाळाला जवळ घ्यायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सासूसमोर मंजुळा तिला म्हणाली, ‘बाळाकडं बघ, सगळं इसरशील.’ पोरीनं त्या दिवसापासून मंजुळेशीही बोलणं सोडलं. बाईंनी तिला एका शब्दानं टोकलं नाही. पुन्हा कसं जायचं, सासूला कसं बाहेर पाठवायचं, दवाखान्याचा विषय कधी काढायचा, हे तासभर घोळवून घेतलं. मंजुळा पुन्हा गेली, तिसऱ्या खेपेला पोरीनं दार उघडलं आणि चार घास खाल्ले.

तेवढ्यात माझं इतिवृत्त साहेबांनी वाचलं. मंजुळेला पत्र गेलं: कामात गंभीर हयगय, शिवाय प्रमाणपत्र नाही, सबब सेवा समाप्त. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बाई मला घेऊन संस्थेत गेल्या. साहेबांनी चहा मागवला. धोरण आहे, म्हणाले; मंजुळाताईंनी प्रमाणपत्राचा कोर्स करावा, मग बघू. कोर्स इंग्रजीत, महिनाभर नाशकात राहून करायचा. बाईंनी चहाला हात लावला नाही. ‘जिनं चूक सांगितली तिला काढलंत. न सांगणाऱ्या सगळ्या ठेवल्यात. आता तुमच्याकडे कोण उरलं, ते बघा.’ साहेब हसून म्हणाले, बाई, तुम्ही फार भावनिक आहात. तो हसरा चेहरा आठवला की अजून माझं डोकं सणकतं.

पुढच्या शनिवारी सगळ्याजणी आल्या, आणि एकूण एक यशोगाथा घेऊन आल्या. कुणाचा नवरा दारू सोडून माळकरी झालेला, कुणाची सासू सुनेला लेक म्हणू लागलेली. बाईंनी चष्मा काढला नाही. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चहा घ्या आणि निघा, बस चुकेल.’ ती खोली त्या दिवशी संपली.

बाकीच्या उतरून गेल्यावर मी पाय धरले. बाईंनी पाय मागे घेतले. ‘माझी कसली माफी मागतेस? मंजुळा कुठे आहे ते शोध.’

मंजुळा दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत सापडली. हातात बारीक कात्री, घडांची विरळणी चाललेली. बाईही माझ्याबरोबर आल्या होत्या. शिव्या खायची तयारी करूनच मी गेले होते. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं आम्हाला पाहिलं आणि पहिलंच विचारलं, ‘ताई, ती पोर जेवते का? तिच्याकडं आता कोन जातं?’

मला कारणं सुचत होती. नवी नेमणूक व्हायची आहे, साहेबांच्या सहीसाठी फाईल अडली आहे. बाई माझ्याकडे बघत होत्या. ‘खरं सांग तिला,’ त्या म्हणाल्या.

‘कोणी जात नाही,’ मी म्हणाले. ‘माझ्यामुळे.’

मंजुळेनं कात्री मुकादमाकडे दिली, हात धुतले आणि सुरगाण्याची बस किती वाजता आहे ते विचारलं.

बसमध्ये मोठ्या बाई खिडकीशी बसल्या. गुडघे धरलेले, वय सत्तरीपुढचं. वणी सोडल्यावर त्यांनी मंजुळेकडे पाठ फिरवली, डोक्यावरून पदर घेतला आणि अंग चोरून घेतलं. मंजुळेला कळलं, बाई ती पोर झाल्या आहेत. ती बोलू लागली: मी आले बघ, राग आला का, जेवलीस का. बाई हलल्या नाहीत. मंजुळेनं बाळाचं विचारलं, माफी मागितली, तरी नाही. बसमधली माणसं टकामका बघत होती. घाट लागला तशी मंजुळा दमली आणि गप्प झाली. नुसती बाईंच्या पाठीशी बसून राहिली, बराच वेळ, काही न मागता. मग बाईंचा हात हळूच मागे आला आणि तिच्या हातावर टेकला.

‘आता जा तिच्याकडे,’ बाई म्हणाल्या. ‘आता येतं तुला.’