सुमनचं उत्तर बरोबर होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलांना नाही. तुम्हाला का सांगते आहे? बहुधा तुम्ही सुमनला ओळखत नाही म्हणून.

सुमन माझी आतेबहीण, माकुणसारची. साठच्या दशकात, तारापूरचं वीजकेंद्र उभं राहत होतं तेव्हा, मॅट्रिकसाठी ती आमच्याकडे बोईसरला राहायला आली. आम्ही दोघी एकाच वर्गात. वडील जेवताना म्हणाले होते, दोघींपैकी जी जास्त मार्क काढेल तिला कॉलेजला पाठवीन. एकीलाच का? असं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

सुमन हुशार होती — माझ्याहून. हे लिहितानाही थोडं झोंबतं. पण विज्ञानातल्या पुस्तकी शब्दांना ती बिचकायची. मास्तरांना विचारायचा धीर नव्हता, म्हणून मला विचारायची. एका संध्याकाळी गणित होतं: मुलगी घरून निघते, वाडीला फेरी मारून घरी परतते, तर विस्थापन किती? सुमन हसली. "फेरी मारून परत घरीच आली ना? मंग ती कुटंच गेली नाय. शून्य!"

बरोबर होतं — विस्थापन म्हणजे निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर. आणि मी — मी नाक मुरडून म्हटलं, "एवढी चालली नि शून्य? तिच्या पायांना विचार जा!" ती ओशाळली. शून्य खोडून तिथे चाललेलं अंतर लिहिलं. मला कसला आनंद झाला! मग तरी थांबले का? सरासरी वेग काढताना जातानाचा नि येतानाचा वेग मिळवून निम्मा कर, हेही मीच पढवलं. ते चूक आहे, एकूण अंतराला एकूण वेळेनं भागायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढे तर ती प्रत्येक उत्तर मला दाखवूनच पक्कं करू लागली.

सुमन विज्ञानात नापास झाली. माझ्या वडिलांसमोर मान खाली घालून म्हणाली, "कमलनं जीव तोडून शिकवलं, मामा. माज्याच डोक्यात शिरलं नाय."

मी शेजारीच उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं. भीती वाटली म्हणून गप्प बसले? छे — मला कॉलेज हवं होतं.

तिचं लग्न झालं. मी विज्ञानाची शिक्षिका झाले. हाच धडा वर्षानुवर्षं शिकवला — अगदी बिनचूक.

मागच्या महिन्यात सुमन नातीला घेऊन आली. पोरीला भौतिकशास्त्र जड जातंय. "हिला तूच शिकव गं. माज्यावर केवढी मेहनत घेतलीवतीस!"

नातीला शिकवायचं मी कबूल केलं. सुमनला काहीच सांगितलं नाही.