समेआधी उतू गेलेला चहा

बाईंचा कथकचा वर्ग छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली यंत्र धडधडायचं, वर पाय. नव्या मुली यंत्राच्या तालावर भरकटल्या की बाई ओरडायच्या, "त्या खालच्याचं ऐकू नका गं, तो जन्मात समेवर आलेला नाही!"

सहजासहजी कुणाचंच ऐकायचं नाही, हे त्यांना गुरूंनी परकरी वयातच शिकवलं होतं. तबलजीवर विश्वास ठेव, पण कान उघडे ठेवून. पुढे लग्न झालं. सासूबाईंनी वर्गाला परवानगी दिली, पण आपल्या धाकट्या मुलाला, बाईंच्या दिराला, तबल्यावर बसवूनच. सोबत म्हणून. म्हणजे पाळत ठेवायला. सासूबाई गेल्या, पाळतही गेली. भावजी मात्र राहिले. विमा कचेरीतून सुटायचे, तडक यायचे, एक शब्द न बोलता हातोडीने तबला लावायचे.

संसार आणि नाच बाईंनी एकाच लयीत बसवले होते. मागच्या खोलीत बारीक आचेवर चहा ठेवायच्या आणि बाहेर येऊन मुलींना पायांच्या तत्कारापासून शेवटच्या, तीनदा फिरून समेवर पडणाऱ्या तिहाईपर्यंत स्वतः नाचून दाखवायच्या. इकडे समेवर पाय पडायचा, तिकडे चहा वर यायचा. घड्याळ चुकेल, बाई चुकायच्या नाहीत.

यंदा चहा उतू जाऊ लागला.

पहिला संशय थोरलीवर. थोरली म्हणजे सर्वांत जुनी शिष्या. पातेलं घासणारी, आणि हल्ली फार गोड बोलणारी. वार्षिक कार्यक्रमाचा शेवट कायम बाईंच्या नाचाने व्हायचा. तरी तिने विचारलं होतं, "बाई, यंदाही शेवटी तुम्हीच ना?" त्यातला 'यंदाही' बाईंच्या पायात काट्यासारखा राहिला. त्यातच एकदा जिन्यात ती आणि भावजी कुजबुजताना दिसले. बाई दिसताच दोघं गप्प.

आच हीच मोठी करत असेल. बाई म्हातारी झाली, हे चारचौघींना दिसावं म्हणून.

शेगडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "शेगडीला धाड भरलेली नाही, बाई. चहा टाकून जाता कुठे?"

मग बाईंनी पाठ धरल्याचं सोंग केलं. "थोरले, आज तू दाखव." स्वतः आत शेगडीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर तिहाई सुरू झाली तसं पातेल्याच्या कडेला बुडबुडे धरले. सम पडली आणि चहा वर आला. अगदी पूर्वीसारखा.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः नाचल्या. तिहाई अजून दूर होती आणि आतून जळका वास आला.

शेगडी तीच. पातेलं तेच. बदलत होता तो तबला.

मुली गेल्यावर भावजी तबल्यावर खोळ चढवत होते. थोरली चटई गुंडाळत होती.

"भावजी, माझ्यासाठी लय कधीपासून उतरवताय?"

भावजी खोळीची नाडी आवळू लागले.

"बोला. तोंडाने नाही जमत तर हाताने बोला."

"गुडघ्यात पाणी झालं होतं तुमच्या, वहिनी. तेव्हापासून. थोडी थोडी."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही हट्टाने चढी लय मागितली असती."

"आणि तुला हे ठाऊक होतं," बाई थोरलीकडे वळल्या.

"बाई, मी त्यांना सांगत होते, एक दिवस तुम्हाला कळेल."

गुडघ्याला पाणी होऊन दीड वर्ष झालं होतं. मधे एक कार्यक्रम झाला होता. लोक उभे राहिले होते. आता त्या टाळ्यासुद्धा बाईंना शेगडीजवळ धरून तपासाव्याशा वाटल्या. त्या कुणाला होत्या? पायांना, की पायांची वाट पाहणाऱ्या हाताला?

त्यांनी घुंगरं पुन्हा बांधली. "वाजवा. जुनी लय. दया दाखवलीत तर उद्यापासून येऊ नका."

भावजींनी वाजवलं. तिहाईच्या दुसऱ्या पल्ल्यातच बाईंचा पाय मागे राहिला. सम रिकाम्या फरशीवर पडून गेली. भावजींनी मान वर केली नाही.

बाई भिंतीला टेकल्या, धाप ओसरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "यंदा शेवटी थोरली नाचेल."

"बाई..."

"रडू नकोस, तिहाई अजून कच्ची आहे तुझी. बोलांची पढंत मी करीन. लय माझ्या तोंडून निघेल." त्या चटईवर बसल्या. भावजींच्या अगदी समोर, त्यांच्या बोटांवर नजर रोखून.