गीझरचा माठ

दुबईत, करामातल्या आमच्या इमारतीत उन्हाळा कधी सुरू झाला हे सूर्य ठरवत नसे, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ठरवत. ते एका विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात होते. कुठे पाइप फुटला, कुणाचा गालिचा भिजला, कुठला गीझर भिंतीसकट खाली आला, हे दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन शेजाऱ्यांच्या नळांकडे संशयाने बघायचं, असा त्यांचा दिनक्रम. चहाला बोलावलं तर कप हातात घेऊन आधी बाथरूममध्ये डोकावून येत. स्वयंपाकघरात नळ ठिबकला तर बोलता बोलता थांबत आणि एखाद्या घरात तान्हं मूल रडतंय अशा चेहऱ्याने उठत.

ज्यांनी आखातातला उन्हाळा पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, की तिथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात जवळजवळ चहा टाकण्याइतकं तापतं. गार पाण्याचा नळ सोडला की कढत पाणी येतं. गीझर मात्र घरात, एसीच्या गारव्यात असतो. म्हणून थंडी संपली की गीझरचा खटका बंद करायचा, आतलं पाणी निवू द्यायचं आणि उन्हाळाभर लाल खुणेच्या नळाने गार आंघोळ करायची. ही युक्ती सगळ्यांनाच माहीत होती. काकांनी तिचा सोहळा केला. मार्च संपता संपता ते शुक्रवारी सकाळी खाकी हाफ पँट घालून, खिशात पाना खोचून एकेक घर घेत. गीझर पूर्ण रिकामा करत, तळाचा तांबूस गाळ माझ्याच पांढऱ्या वाडग्यात काढून मला दाखवत आणि म्हणत, "वहिनी, थंडीभर यात न्हालात." मग सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून त्याला कान लावत, झिजलेले वायसर बदलत, शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये बुडवत आणि शेवटी खटक्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही करत. ती पट्टी ऑक्टोबरपर्यंत कुणी काढायची नाही. त्यांच्या स्वतःच्या घराची पाळी मात्र शेवटी. काकू म्हणायच्या, "गेल्या वर्षी आमचा नंबर दिवाळीत लागला. तोवर परत चालू करायची वेळ झाली होती."

माझ्या सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा लाल नळाने गार पाणी ही गोष्ट त्यांना पटेना. काकांनी त्यांना बाथरूमच्या दारात स्टुलावर बसवलं आणि हात जोडून सांगितलं, "आजी, उन्हाळ्यात गीझर म्हणजे माठ." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी पाहते तर गीझरच्या पाइपला वाळ्याची जुडी बांधलेली. काकांना ती इतकी आवडली की पुढची काही वर्षं सुट्टीवरून येताना ते घरोघरी वाटायला वाळा आणत. खालच्या मजल्यावर पुण्याचं एक नवं जोडपं राहायला आलं होतं. त्यांनी काकांना दारातूनच, आमचं आम्ही बघू, म्हणून परत पाठवलं. मे महिन्यात एका सकाळी तो मुलगा डोक्याला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवस्थेत जिन्यात आला. काका ऑफिसला निघाले होते. त्यांनी टाय सावरला आणि न थांबता सांगितलं, "लाल नळ, हबीबी. लाल."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं, आणि कधी कधी कटकटीचंही, कारण शुक्रवार हा माझा एकमेव सुट्टीचा दिवस. पण एका मार्चमध्ये त्यांनी आमचा गीझर जरासा हलवून पाहिला. मग दोन्ही हात वर लावून, खांदा खाली घालून तो तसाच धरून म्हणाले, "मुलीला जरा बाहेर बोलवा. आणि मला चहा हवाय." माझी धाकटी तेव्हा खाली टबात बसून बदकं पोहवत होती. मी तिला उचललं, चहा ठेवला. माझ्या नवऱ्याला त्यांनी नवे बोल्ट आणायला पिटाळलं आणि तो येईपर्यंत गीझर खांद्यावर घेऊन माझ्याशी कैरीच्या लोणच्याविषयी बोलत राहिले. जुने बोल्ट नंतर मला केराच्या डब्यात सापडले. गंजून काडीसारखे झाले होते.  त्यानंतर दर वर्षी लोणच्याची एक बरणी वर जात राहिली.

साठी झाली आणि त्यांचा व्हिसा संपला. फेब्रुवारीअखेर निघायचं ठरलं. सामान, बँक, निरोपाची जेवणं यांतलं कशाचंच त्यांना ओझं नव्हतं. गीझर कोण बंद करणार, ही एकच काळजी. आम्ही करू म्हटलं, तर कुणावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी फेब्रुवारीच्या ऐन थंडीत ते पाना घेऊन उतरले आणि एकेक करून सगळ्या इमारतीचे गीझर बंद करून गेले. माझी मुलगी दारात कुडकुडत म्हणाली, "अंकल, इट्स स्टिल विंटर." काका म्हणाले, "इन्शाल्ला, संपेल." आणि पट्टीवर सही केली.

त्या दिवसांत जिन्यात जो तो शिंकत होता. खालचा पुण्याचा मुलगा मफलर गुंडाळून ऑफिसला जायचा. कारण कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी व्यवहारी बाई आहे, सर्दी मला परवडत नाही. मी मोठ्या पातेल्यात गॅसवर पाणी तापवायला सुरुवात केली. शेजारणीकडेही सकाळी तेवढंच मोठं पातेलं खणखणताना ऐकू यायचं. पट्टी कुणीच काढली नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी, काकू आत बसलेल्या, आणि काका पुन्हा जिना चढून आमच्याकडे आले. बूट काढले, सरळ बाथरूममध्ये गेले. गीझरच्या पोटावर तळवा टेकवला.

"गार आहे," ते म्हणाले.

"माठच आहे तो," मी म्हटलं.

"मग खलास. आता काळजी नाही, वहिनी."

टॅक्सी कोपऱ्यावर वळली तशी आम्ही सगळे आपापल्या घरी परतलो. हवेत अजून चांगलाच गारठा होता. आता वर कुणी नव्हतं, आणि खटका हाताशी होता. मी पातेलं भरलं आणि गॅसवर ठेवलं.