तिकिटामागचा मजकूर

बाबांच्या पश्चात आईने परवा त्यांची जुनी आंतर्देशीय पत्रे वाचायला काढली. प्रत्येकात एक चौकोनी भोक होते आणि तिथे येऊन तिचे बोट थांबत होते.

ती भोके मी पाडली आहेत. लहानपणी मला थोर माणसांची तिकिटे जमवायचा नाद होता. बाबा नोकरीसाठी दूरगावी असत. टपालाचा दर वाढला की जुन्या आंतर्देशीय पत्रावर वरून एक तिकीट लावावे लागे, आणि माझ्यासाठी ते मुद्दाम एखाद्या थोराचे लावत. मागे त्यांचा मजकूर आहे हे दिसत असूनही मी तो चौकोन कापायचो. पाण्यात भिजवून तिकीट सोडवायचा कंटाळा, म्हणून कागदासकट वहीत चिकटवायचो.

वही अजून आहे. फेटेवाले, पगडीवाले, जाड चष्म्याचे, सगळे डिंकाने घट्ट बसलेत. काल एकाच्या कडेला पाण्याचे बोट लावले, तर निळी शाई पसरली. बाबा शाईच्या पेनाने लिहीत. मी वही मिटली. त्या थोरांचे चेहरे सगळ्या देशाने जपले आहेत. बाबांचे अक्षर फक्त आमच्याच घरात होते.

शेवटी आईला सांगितले.

"कात्री मीच द्यायचे की तुला," ती म्हणाली.

"पण मागचा मजकूर?"

"तेव्हा पाठ असायचा रे, म्हणून तर द्यायचे." तिने पत्राची घडी घातली. "आता आठवत नाही."